चार वाजताचा चोर

रेनेरियो फालेरो कॉफी पिण्याआधी तिची पूड बोटांत चोळून बघतो. रेशनच्या कॉफीत भाजलेला वाटाणा असतो हे आमच्या सिएनफुएगोस शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण किती आहे ते त्याला स्वतः ठरवायचं असतं. बेकरीत तो पावाकडे नाही, तराजूच्या काट्याकडे बघतो. बायको मिग्दालिया हसून बोलली तर आज ही का हसतेय, याचा विचार करतो.

त्याची चूक नाही. एकतीस वर्षं त्याने टेलिफोनच्या खांबांवर काढली, आणि त्यातली बरीचशी चोरून जोडलेल्या तारा शोधण्यात. दर वेळी तार सापडायची आणि दर वेळी घरमालक मेलेल्या आईची शपथ घेऊन सांगायचा की ही तार आपल्या बापजन्मात पाहिली नाही. "तेव्हापासून मी शपथा ऐकत नाही," तो म्हणतो. "तारा बघतो."

मी ओनेईदा. त्याच्या समोरच्या घरात राहते, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आमच्या आळीच्या नेटवर्कची वही माझ्या हस्ताक्षरात आहे, कारण रेनेरियोचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नाही. म्हणजे त्या भानगडीत मी काठावर नव्हते, चांगली गळ्यापर्यंत होते. हे आधीच सांगितलेलं बरं.

गोष्ट गेल्या वर्षीची, दोन हजार चौदाची. इंटरनेट आमच्याकडे हॉटेलात, परदेशी माणसांसाठी. म्हणून रेनेरियोने त्याआधीच आमचं स्वतःचं नेटवर्क उभं केलं होतं. त्रेचाळीस घरं, गच्चीवरून गच्चीवर केबल, पाण्याच्या टाक्यांना वळसा घालून, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या आडून. बाहेरच्या जगाशी संबंध नाही. आतल्या आत गप्पा, सिनेमे, खेळ. राजकारण नाही, घाणेरडी चित्रं नाहीत. परवानगी कुणी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. सगळ्याचा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, रेनेरियोच्या स्वयंपाकघरात होता. झाकण काढलेला, समोर टेबलफॅन, बाजूला तांदळाचा डबा.

त्यावर लिनक्स होतं, संगणक चालवणारी फुकटची प्रणाली. रेनेरियो त्याच्या प्रेमात का पडला हे मला पहिल्या दिवशी कळलं. त्याचं पोट उघडं असतं. कुठल्या फाइलीत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं. "जे मला वाचता येत नाही ते माझ्या घरात नको," तो म्हणाला. मिग्दालिया आतून ओरडली, "मग माझं मन वाचता येतं का तुला, इतकी वर्षं ठेवलंयस ते?"

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो. त्यावरून कोण कोण ते ओळखतात. रेनेरियोने घरोघरी जाऊन प्रत्येक संगणकाला बजावून ठेवलं होतं की अमुक क्रमांक असेल तोच खरा सर्व्हर, बाकीच्यांना दारात उभं करू नका. मग त्या उन्हाळ्यात वीज पडली आणि सर्व्हरचं कार्ड जळालं. नवं कार्ड एका मेलेल्या संगणकातून काढून बसवलं, पण त्याचा क्रमांक वेगळा. पुन्हा त्रेचाळीस घरं कोण फिरणार? त्याने एका फाइलीत एक ओळ लिहिली: सुरू होताना जुन्या कार्डाचा क्रमांक सांगायचा. नव्या माणसाने मेलेल्याचं ओळखपत्र वापरावं तसं. लिनक्स हे करू देतं. काम झालं, आणि ती ओळ कशी लिहायची हे फक्त रेनेरियोला आणि वहीमुळे मला माहीत राहिलं.

ऑक्टोबरात नेटवर्क आजारी पडलं. सकाळी ठणठणीत. दुपारी चार वाजले की कण्हायला लागायचं. गप्पा अर्ध्यात तुटायच्या, सिनेमा थिजायचा. रेनेरियो पिंग करून बघायचा, म्हणजे दुसऱ्या संगणकाला हाका मारायचा. दहा हाकांतल्या सहांना ओ यायची, कधी चारांना. त्याने गच्चीवरचे सगळे जोड सोलून पाहिले. उंदरांनी कुरतडलेली केबल बदलली. केबली जोडणारे स्विच बदलले. सहा दिवस तो शिडीवरच होता. शिवाय घरोघरी विचारत फिरला, "या आठवड्यात नवीन काय केलंत? खरं सांगा." लोक वैतागले. न्हावी निवाल्दो म्हणाला, "नवीन मिशा ठेवल्यात. त्यांनी बिघडलं असेल तर काढतो."

सगळ्यात जास्त तक्रार इदाल्बेर्तो मास्तरांची. मास्तर एकेकाळी बुद्धिबळ शिकवायचे, आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांनी पटाला पहिल्यांदा हात त्यांच्याकडेच लावला. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, अंगाची एक बाजू गेली आणि उठणं-चालणं संपलं. खिडकीशी खाट, खाटेवर फळी, फळीवर कळफलक. बहीण सोराईदा केकच्या दुकानातली पाळी संपवून यायची, संगणकाचं बटण दाबायची, आणि मास्तर नेटवर्कवर डाव मांडायचे. आम्ही अकरा जण होतो त्यांच्याशी खेळणारे. नवरा गेल्यावर माझ्या संध्याकाळी त्याच डावावर निघाल्या. मास्तरांचं तर उरलेलं सगळं आयुष्यच तेवढं होतं. बाकीचा दिवस ते छताकडे बघत असत, हे त्यांनीच मला लिहिलं होतं.

सातव्या दिवशी सर्व्हरच्या पडद्यावर एक ओळ आली. लिनक्स बडबड्या आहे, जे दिसेल ते नोंदवून ठेवतो. ओळीचा अर्थ असा: बाहेरून निरोप आलाय, आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक माझाच आहे.

रेनेरियो मला बोलवायला आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ओनेईदा, कुणीतरी माझं नाव घालून फिरतंय."

"असं कसं होईल?"

"कसं ते नंतर. कशाला ते विचार. जो सर्व्हर बनतो त्याला सगळ्यांच्या गप्पा वाचता येतात. आणि तो उद्या काही भलतंसलतं लिहील, तर ते कुणाच्या नावावर? माझ्या."

माझ्या मनात पाल चुकचुकली. महिन्यापूर्वीच पलीकडच्या वस्तीतलं असंच नेटवर्क उचललं होतं. सरकारी ट्रक आला, केबली गुंडाळल्या, संगणक नेले. कुणीतरी कळवल्याशिवाय ट्रक येत नाही. तेव्हापासून आळीत जो तो दुसऱ्याच्या गच्चीकडे बघूनच बोलायचा. मीही. सकाळी दूध घेताना मी निवाल्दोशी बोलले आणि घरी येऊन आठवत बसले की आपण काय बोललो.

रेनेरियोने चोर शोधायची जुनीच रीत काढली. चार वाजले की नेटवर्कची एकेक फांदी सोडवायची. पहिल्या दिवशी दक्षिणेकडची केबल काढली, आजार तसाच. दुसऱ्या दिवशी केकच्या दुकानाकडची काढली, नेटवर्क एकदम बरं. तिसऱ्या दिवशी त्या फांदीवरची सहा घरं एकेक करून. पाचव्या घराला हात लावला आणि दहाच्या दहा हाकांना ओ आली. ते घर मास्तरांचं.

सभा गच्चीवर भरली. आमचा नियम आहे: शिक्षा द्यायची तर हात वर करून. मास्तरांना जिना चढता येत नव्हता. सोराईदा दुकानात होती.

"चोराच्या उलट्या बोंबा," निवाल्दो म्हणाला. "सगळ्यात जास्त तेच ओरडत होते."

"आणि गेल्या वर्षी तेच म्हणाले होते की नेटवर्कचा प्रमुख निवडणुकीने ठरवा," कुणीतरी आठवण काढली. खरं तर मास्तर तेव्हा गमतीने बोलले होते. पण संशय आला की माणसाची गंमतही साक्षीला उभी राहते.

मी म्हटलं, "खाटेवरचा माणूस हे सगळं करेल?"

"बोटं चालतात ना त्याची?" रेनेरियो म्हणाला. "आणि डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त चालतं."

त्यांचा संगणक एकदा उघडून बघू, एवढं वाक्य गच्चीवर कुणी उच्चारलं नाही, मीही नाही. मला ट्रकची भीती वाटत होती. हात वर करायला सांगितले आणि मी केला. कायमचं बाहेर. रेनेरियोने पक्कड काढली आणि मास्तरांच्या खिडकीत जाणारी केबल गच्चीवरूनच तोडली.

नेटवर्क खडखडीत बरं झालं. लोकांनी रेनेरियोच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी रमची बाटली आणली. तीन संध्याकाळी मी डाव न मांडता बसले आणि टीव्हीवरची मालिका बघितली. एक शब्द कळला नाही.

चौथ्या दिवशी रेनेरियो माझ्या दारात. त्याला झोप नव्हती. चोर सापडला होता, पण चोराला तो क्रमांक पांघरायची युक्ती कुठून मिळाली ते सापडत नव्हतं.

"क्रमांक घरोघरी आहे. पण तो दुसऱ्या कार्डाला कसा चढवायचा, ती ओळ माझ्या फाइलीत आहे आणि तुझ्या वहीत," तो म्हणाला. "माझ्या फाइलीपर्यंत कुणी पोचलं नाही. मी तपासलंय."

मला समजायला क्षणभर लागला. मग मस्तकात तिडीक गेली.

"म्हणजे मी दिली?"

"मी तसं म्हटलं नाही. रोज डाव मांडायचीस तिथं, एवढंच म्हणतोय."

"अरे मेल्या, बेचाळीस घरं झाली, आता माझं उरलं होतं का? चल. आत्ताच्या आत्ता चल मास्तरांकडे. त्यांच्या संगणकाचं पोट उघड आणि दाखव माझी सही कुठाय ती!"

त्या दिवशी सोराईदाला सुटी होती, तिनेच दार उघडलं. आम्हाला बघून ती बाजूला झाली, पण बसा म्हणाली नाही. मास्तर छताकडे बघत होते. संगणक बंद होता. तीन दिवस बटण दाबायचं कारणच नव्हतं.

रेनेरियोने तो सुरू केला आणि फाइली उघडायला लागला. मी त्याच्या खांद्यावरून वाचत होते, माझं नाव निघण्याची वाट बघत. एका फाइलीपाशी तो थांबला. तिथे ती ओळ होती, जुना क्रमांक सांगणारी. आणि वर त्याच्याच सवयीची टीप: वीज पडली म्हणून, रे. फा.

"हे माझं आहे," तो म्हणाला. इतक्या हळू की मला वाटलं कॉफी मागतोय.

"तुझंच असणार," सोराईदा म्हणाली. "तूच घातलंस की. आमची डिस्क गेली तेव्हा आला होतास दुसरी घेऊन. तीन तास बसला होतास. दोनदा कॉफी घेतलीस, दोन्ही वेळा चोळून."

बाहेर जिथे इंटरनेट आहे तिथे लोक लिनक्स नव्याने उतरवून घेतात म्हणे. आमच्याकडे कोण काय उतरवणार? आम्ही नकला करतो. सिनेमे नकलून घेतो, गाणी, पाककृती, संगणकाची अख्खी डिस्कसुद्धा. ऑक्टोबर लागताना रेनेरियोने स्वतःच्या सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी नकलून मास्तरांना बसवली होती. नाव बदललं, पत्ता बदलला, पासवर्ड बदलला. ती एक ओळ राहिली. चार वाजता सोराईदा बटण दाबायची आणि मास्तरांचा संगणक सरळ मनाने सर्व्हरचं नाव सांगत उठायचा. निरोप कधी इकडे जात, कधी तिकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नवीन काय केलंत म्हणून तो घरोघर विचारत फिरला होता, आणि फक्त एका माणसाला विचारायचं राहून गेलं होतं.

रेनेरियोने ती ओळ पुसली.

"मास्तर," तो म्हणाला, "मी चुकलो. केबल आत्ता जोडतो."

मास्तरांनी मान वळवली. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड येतात, पण कळतात.

"हात किती वर झाले?"

मी म्हटलं, "गच्चीवर होते तेवढे सगळे."

"तुझाही?"

"माझाही, मास्तर." मला रडू आलं आणि स्वतःचा राग आला, कारण रडण्याचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

"गच्चीवर कोण नव्हतं?"

"ओर्तेन्सिया. तिचे गुडघे दुखत होते."

त्यांनी पुन्हा छताकडे बघितलं. सोराईदा दाराशीच उभी होती, हाताची घडी घालून. शेवटी मास्तर म्हणाले, "जोड. मला उठता येत असतं ना, तर जोडू दिली नसती."

रेनेरियो शिडीवर चढला. जोड त्याने तीनदा तपासला. दहा हाका मारल्या, दहा उत्तरं आली.

चार वाजता आम्ही अकराच्या अकरा जणांनी मास्तरांना डावाचं आमंत्रण धाडलं. रेनेरियो आयुष्यात कधी बुद्धिबळ खेळला नव्हता, त्यानेही धाडलं. मास्तरांनी एकालाही उत्तर दिलं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतः एक आमंत्रण पाठवलं, ओर्तेन्सियाला. ती शिवणकाम करते, घोडा कसा चालतो ते तिला कुणी शिकवलेलं नाही.

या गोष्टीला पाच महिने झाले. ओर्तेन्सियाला आता घोडा येतो. मी रोज चारला आमंत्रण पाठवते.