भर व्हायव्हात सासूचा प्रश्न

काल आमच्या मुक्ताचा पीएचडीचा ओपन व्हायव्हा होता, इथेच म्हैसूरला. मुक्ता म्हणजे माझी सून. हवामानावर संशोधन करते... हवेतली घुसळण, त्यातून उठणारे छोटे छोटे वादळी ढग आणि त्यांचा अंदाज, असं काहीतरी. गेली कित्येक वर्षं घरात हेच चाललंय, तरी मला एवढंच सांगता येतं!

ओपन व्हायव्हा म्हणजे सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा, कुणीही येऊन बसा. म्हणून मी ठेवणीतली इरकल नेसून, मुलगा निखिलबरोबर मागच्या रांगेत जाऊन बसले.

सुरुवात झकास झाली. पण बाहेरून आलेले परीक्षक भलतेच खमके. तुमचा अंदाज नेमका कुठे चुकतो ते सांगा, म्हणाले. मुक्ता ग्राफ दाखवत राहिली, ते नकारार्थी मान हलवत राहिले... पुन्हा तोच प्रश्न. तिचा आवाज बसला. इतक्या वर्षांची मेहनत आता पाण्यात जाते की काय!

तेवढ्यात तिच्या गाईडनी रीतीप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय का? हे नुसतं म्हणायचं असतं म्हणे, विचारत कुणीच नाही. सगळ्यांचं लक्ष दाराशी ठेवलेल्या सामोशांकडे.

मी हात वर केला.

खरं सांगते, तिला मदतबिदत करावी असलं काही डोक्यात नव्हतं. माझा आपला जुना राग होता... गेल्या उन्हाळ्यात ही म्हणाली, "आई, आज पाऊस नाही, घाला खुशाल कुरडया." आणि दुपारी आमच्या हूटगळ्ळी भागात असा कोसळला की गच्चीवर कुरडयांचा लगदा झाला. तिकडे निखिलच्या ऑफिसपाशी म्हणे कडक ऊन! आता निखिल माझा पदर ओढतोय आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळ्यांसमोर विचारून मोकळी... गेल्या उन्हाळ्यात माझ्या कुरडया भिजल्या, त्या दिवशी तुझा अंदाज का चुकला?

हॉलमध्ये हशा पिकला. निखिलने डोकं धरलं. मुक्ता मात्र हसली नाही... मार्कर घेऊन सरळ बोर्डाकडे गेली.

"तो दिवस माझ्या थिसिसमध्ये आहे," ती म्हणाली. मी चाटच पडले! मला पत्ताच नाही.

मग तिने बोर्डावर चौकोन आखले. कॉम्प्युटर आभाळाचे असे चौकोन पाडून हिशेब करतो. आमच्यावर आलेला ढग त्यातल्या एका चौकोनापेक्षाही लहान होता आणि चौकोनाच्या आत हवा कशी घुसळत असेल, ते अंदाजानेच धरावं लागतं. हा अंदाज सुधारायचा, हेच तिचं काम. तिने तोच दिवस कॉम्प्युटरवर नव्या पद्धतीने पुन्हा करून पाहिला होता. या वेळी ढग आला... पण हूटगळ्ळीवर नाही, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, वरुणा गावाकडे!

"म्हणजे अजूनही चुकतंय. का, ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. आवाज खणखणीत, मान ताठ.

परीक्षक पहिल्यांदाच हसले. मघापासून मी हेच तर विचारतोय, म्हणाले.

बाई गं... काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मी बँकेत उभा जन्म काढला. अशा वेळी भल्याभल्यांना गोलमोल बोलून सुटताना पाहिलंय. आणि ही पोर, सगळं पणाला लागलेलं असताना सरळ "माहीत नाही" म्हणाली.

निकाल लगेच जाहीर झाला. डॉक्टर मुक्ता! मी शिट्टी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली.

चहाच्या वेळी परीक्षक मुद्दाम माझ्याकडे आले. प्रश्न फार नेमका होता, मॅडम, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटच्या? निखिल डोळ्यांनी खुणावतोय, आई, आता गप्प राहा...

मी कसली गप्प बसतेय! सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी डॉक्टर मुक्ताची सासू." इतकी वर्षं तिची ओळख माझी सून म्हणून करून देत आले... कालपासून माझी ओळख तिच्यावरून, आणि मला ती फार फार आवडलीय.