मंगळवारच्या इन्स्पेक्शनसाठी अपडेट्स

आपल्याकडून परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची लाट आली होती तेव्हाची गोष्ट. ज्याच्याकडे दोन खोल्या आणि एक फळा, तो कॉलेज काढायचा. पॅरामॅटातलं आमचं कॉलेजही दुकानांच्या वरच्या मजल्यावर होतं. मी शेजारच्या हॅरिस पार्क वस्तीतून चालत जायचो, शिकायचो आणि लॅबही सांभाळायचो. लॅबमध्ये बारा जुने कॉम्प्युटर. त्यांवर लिनक्स, कारण ते फुकट.

इंटरनेटला महिन्याचा कोटा असल्यामुळे सगळे अपडेट्स एकदम घेणं शक्य नव्हतं. यादी मात्र महत्त्वानुसार लावलेली दिसायची: वर सुरक्षेचे, मग दुरुस्तीचे, खाली किरकोळ. कुठून सुरुवात करायची हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमच्या सरांना कळत नव्हतं. ते पुण्याचे, आणि स्वतःला डायरेक्टर म्हणवून घेत.

"मंगळवारी इन्स्पेक्शन आहे," ते म्हणाले. "नवी थीम टाक, ऑफिसचं नवं व्हर्जन टाक. मशीन नवीन वाटली पाहिजेत."

"सर, आधी सुरक्षेचे घेऊ या. नाहीतर बाहेरून कोणीही आत शिरेल."

"शिरून नेणार काय, तुमच्या असाइनमेंट? जे दिसत नाही ते कोण बघतंय?"

मी थीम टाकली. व्हिसाला लागणारी हजेरी त्यांच्या हातात होती. माझा बाणेदारपणा तेवढाच.

तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी खुर्च्या मोजल्या, हजेरीपट चाळला, "लव्हली" म्हणाल्या आणि गेल्या. एकाही स्क्रीनकडे त्यांनी पाहिलं नाही. सरांनी सगळ्यांना समोसे वाटले.

दोन आठवड्यांनी इंटरनेट कंपनीने लाइन बंद केली. कोणीतरी आमच्या मशीनमध्ये शिरून तिथून जगभर जाहिरातींच्या मेल पाठवत होतं.

सरांनी वर्गासमोर मला उभं केलं. "तुला आधी सांगता आलं नाही?"

"सांगितलं होतं, सर."

"मग नीट सांगायचं."

तीन दिवस मी एकेका मशीनमधलं सगळं पुसून ते पुन्हा उभं केलं. सुरक्षेचे अपडेट्स एका मित्राच्या युनिव्हर्सिटीतून पेन ड्राइव्हवर आणले. सर एकदा डोकावले आणि अजून किती वेळ लागेल एवढंच विचारून गेले.

पुढच्या सेमिस्टरच्या माहितीपत्रकात नवा विषय छापून आला: नेटवर्क सिक्युरिटी. शिकवणार सर स्वतः. मी त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात अर्ज केला.