धानात पाय न ठेवणारी फौज

चंद्रशेखर शहारे माझ्या दुकानात कामाला होता असं मी म्हणतो, पण खरं सांगायचं तर तो आपल्या कामातून वेळ काढून माझं दुकान सांभाळायचा. अर्जुनी मोरगावात बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे. २००७ साली मी मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडले आणि इंटरनेट सुरू केलं. शेखर लग्नाचे अल्बम बनवायचा. नवरीच्या गालावरचा डाग काढायचा, नवरदेवाच्या मागे काश्मीरचा बगीचा लावायचा, फोटोच्या वेळी रुसून बसलेल्या मामाला दुसऱ्या फोटोतून उचलून रांगेत उभा करायचा. हात इतका साफ, की लोक गोंदियाचे स्टुडिओ सोडून आमच्याकडे येत. पण गिऱ्हाईक पायरी उतरलं की हा पठ्ठ्या अल्बम मिटवून दुसरीच खिडकी उघडायचा. त्या खिडकीत एक गाव असायचं, बोटाच्या पेरावर मावतील एवढी माणसं असायची आणि चौकोनी चौकोनी हिरवं धान असायचं.

तो गेम बनवत होता. गोंदियाच्या बाजारात त्याला शंभर गेमांची एक सीडी मिळाली होती, त्यातला एक जपानी लढाईचा गेम त्याच्या डोक्यात बसला. चौकटींचं मैदान, आपण आपली माणसं पाळीपाळीनं हलवायची, मग शत्रू आपली हलवणार. बुद्धिबळच म्हणा, फक्त यातल्या प्याद्याला नाव असतं, घर असतं, आणि ते मेलं की पुढच्या लढाईत येत नाही. कंपनीनं तो गेम काढणं कधीच बंद केलं होतं. पण जगभरातले त्याचे वेडे एका वेबसाइटवर जमायचे आणि त्याच धर्तीवर आपापल्या गोष्टींचे नवे गेम तयार करून एकमेकांना फुकट द्यायचे. शेखरनं त्यांच्यात उडी घेतली. बारावी झालेला पोरगा, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहायचा. मला राग यायचा आणि मी तो लपवायचो नाही.

त्याच्या गेमचं नाव होतं 'धुरा'. धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्या भागात धानाच्या शेताच्या छोट्या छोट्या बांध्या असतात आणि प्रत्येक बांधीभोवती धुरा. गोष्ट साधी होती. राजाची फौज गावाचा तलाव बळकावायला येते, गाव तो वाचवतं. पण गावातली माणसं अशी बनवली होती, की बघत राहावं. उदाराम नावाचा मासे धरणारा ढिवर जाळं टाकून शत्रूला एक पाळी जागेवर अडकवायचा. मंडईच्या जत्रेत दंडारीच्या खेळात बाईचं लुगडं नेसून नाचणारा मंगरू समोर आला, की शिपाई भाला मारायचं विसरून त्याच्याकडे पाहत राहायचे. आणि एक दुकानदार होता. तो खुर्चीवरून उठायचा नाही, नुसता ओरडायचा, त्यानं शत्रूची हिंमत कमी व्हायची. तो कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही आणि चौथ्या दिवशी माझ्या दुकानदाराची मिशी नीट कर म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्यानं फार भारी केली होती. बाकीच्या गेममध्ये लढाई संपल्यावरच खेळ जपून ठेवता येतो; याच्यात प्रत्येक पाळीनंतर तो आपोआप जपला जायचा. वेबसाइटवरच्या लोकांनी या सोयीची तारीफ केली, केवढा दूरचा विचार म्हणाले. दूरचा विचार कसला, आमच्याकडे लोडशेडिंग होतं आणि माझा इन्व्हर्टर म्हातारा झाला होता.

शेखरला पैसा नको होता, नाव नको होतं. त्याला एवढंच पाहिजे होतं, की कोणीतरी 'धुरा' पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळावा. एका माणसानं खेळला तरी चालेल, पण शेवटपर्यंत. आणि तेच होत नव्हतं. लोक नेटवरून गेम उतरवून घ्यायचे, उदारामवर हसायचे, मंगरूवर खूश व्हायचे आणि तिसऱ्या-चौथ्या लढाईत सोडून द्यायचे. मीही पाचवीत सोडला होता.

असं का होतं, ते आम्हाला पोलंडच्या एका माणसानं सांगितलं. त्यानं वेबसाइटवर कुठल्याशा पाणपक्ष्याचं नाव घेतलं होतं, म्हणून आम्ही त्याला बगळा म्हणायचो. नवे गेम खेळून त्यांचे गुणदोष लिहिणं हा त्याचा छंद. त्याचं म्हणणं त्या साइटवर वजनदार, आणि शेखर तर त्याचा शब्द देवाघरचा मानायचा. बगळ्यानं लांबलचक लिहिलं. माणसं जिवंत आहेत, बोलणं रोखठोक आहे, असं गाव मी कुठल्या गेममध्ये पाहिलं नाही. अक्षरं बारीक आहेत, जखमी माणूस बरा व्हायला फार वेळ लागतो, दुसरी लढाई उगाच लांबली आहे. हे सगळं ठीक. पण मोठा दोष पुढेच होता. या गेममध्ये धानाच्या चौकटीत कोणीच पाय ठेवत नाही, शत्रूसुद्धा नाही. मी माझे तिरंदाज धानाच्या पलीकडे उभे केले, तर राजाची अख्खी फौज रेशनच्या दुकानासारखी धुऱ्यावर रांग लावून आली आणि एकेक करून मेली. तिसऱ्या लढाईत कंटाळलो. हे दुरुस्त केलंत तर कळवा, नाहीतर पुढे खेळणार नाही.

मला त्याचं तंतोतंत पटलं आणि मी तसं तोंडावर म्हटलं. शेखरचा चेहरा उतरला.

"धानात पाय कसा ठेवाचा, केवलभाऊ?" तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे बाबा, ते गाव लुटायला आले आहेत. माणसं मारून राहिले आणि धान तुडवायला लाजतील काय? त्यानं मान हलवली, पण ते त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यानं तो नियम मुद्दाम केलाच नव्हता. घराच्या भिंतीतून कोणी चालणार नाही, तलावातून चालणार नाही, तसं धानातूनही चालणार नाही, असं त्याच्या हातानं आपोआप लिहून टाकलं होतं.

मग त्यानं मला लहानपणची गोष्ट सांगितली. शाळेला उशीर झाला म्हणून तो एकदा एका मालकाच्या बांधीतून आडवा पळाला. मालकानं पाहिलं नाही, पण शेखरच्या आईनं, रुक्माबाईनं पाहिलं. ती दुसऱ्यांच्या शेतात रोवणीला आणि कापणीला जायची, यांची स्वतःची वीतभर जमीन नव्हती. तिनं त्याला धुऱ्यावरच चांगला बदडला. बांधी मालकाची होती, पण त्यातलं एकेक रोप चिखलात वाकून तिनं रोवलं होतं. मी रुक्माबाईला ओळखतो. ती मारते तेव्हा लागतं.

तरी शेखरनं नियम काढला. बगळा खेळला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं. फौज धानातून चारही बाजूंनी यायला लागली आणि गेमला एकदम धार आली. मी खेळलो आणि पहिल्याच लढाईत माझा दुकानदार खुर्चीसकट मेला. मी खूश होतो. शेखरचं मात्र कामात लक्ष नव्हतं. अल्बममध्ये त्यानं एका नवरीला दुसऱ्याच नवरदेवाशेजारी बसवलं आणि मला दोन घरांची बोलणी खावी लागली. शेवटी मी वैतागून विचारलं, आता काय दुखून राहिलं तुझं?

"फौज गेली आन धान तसंच उभं आहे," तो म्हणाला. "हे लबाडी होय."

दुसऱ्या दिवसापासून तो धान तुडवायला बसला. फौजेचा असो की गावाचा, कोणाचाही पाय पडला की ती चौकट आडवी पडायची, पिवळी व्हायची आणि तशीच राहायची. एवढ्यानंही त्याचं समाधान झालं नाही. सगळ्यात शेवटी त्यानं आणखी एक मैदान जोडलं, पण त्यात काय आहे ते मला सांगायला तयार नव्हता. खेळा आन पाहा, म्हणाला.

आता मीही हट्टाला पेटलो. दुकान अर्धं बंद ठेवून मी 'धुरा' शेवटपर्यंत नेला. धुऱ्यावरून लांबून जायला मला कधीच धीर नव्हता, मी माझी माणसं सरळ धानातून घातली आणि राजाला गाठून पाडला. गाव जिंकलं, तलाव वाचला, माझा एकही माणूस गेला नाही. मी खुर्चीत ताठ झालो. मग ते शेवटचं मैदान आलं. शत्रू नाही, ढोल नाही. गावातल्या बायका विळे घेऊन उभ्या आणि त्यांना आपणच हलवायचं. मी एकीला धुऱ्यावरून नेलं, कापायला काही नव्हतं. दुसरीला नेलं, तिथंही आडवा पिवळा चिखल. अशी एकेक बाई मी माझ्या हातानं बांधीपर्यंत नेली आणि एकेक बाई रिकामी परत आणली. गेम मध्येच सोडू देत नव्हता. मला इतका संताप आला, की मी शेखरला वाट्टेल ते बोललो. जिंकलेल्या माणसाला असं करतात काय, म्हटलं.

तो अल्बमवरून डोकं न उचलता म्हणाला, "जिकलात ना? त खा आता."

त्या दिवशी मी घरी नीट जेवलो नाही, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

बगळ्याला कळवलं. बरेच दिवस काही आलं नाही. शेखर बसल्या बसल्या वेबसाइट उघडायचा आणि बंद करायचा. मीही त्याला ओरडायचं सोडून दिलं. मला वाटलं, बगळ्यानं माझ्यासारखाच संताप केला असेल आणि गेम फेकून दिला असेल. पोराची एवढी मेहनत वाया जाते की काय, या विचारानं मला खरोखर वाईट वाटायला लागलं.

कापणीचे दिवस होते तेव्हा त्याचं लिहून आलं. शेखरनं ते मला मराठीत करून वाचून दाखवलं. पहिल्यांदा संपवला तेव्हा बायका रिकाम्या परत गेल्या, असं बगळ्यानं लिहिलं होतं. मग, तो पुढे लिहितो, मी पहिल्यापासून परत सुरू केला. या वेळी माझी माणसं फक्त धुऱ्यावरून नेली आणि तीच धुऱ्यावर आडवी उभी करून फौजेलाही धानात उतरू दिलं नाही. त्यापायी उदाराम गेला, मंगरू गेला, मला फार लागलं. पण शेवटी बायका कापत राहिल्या. गेममध्ये दोष अजून आहेत, अक्षरं अजून बारीक आहेत. आता तिसऱ्यांदा खेळतो आहे, उदारामला वाचवता येतं का ते पाहायला.

शेखरनं चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, परत काढला. मी उगाच झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडून आत पाहत बसलो.

संध्याकाळी रुक्माबाई कापणीवरून परत जाताना त्याला घ्यायला दुकानात आली. विळा हातात, केसांत कचरा. शेखरनं तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि बगळ्यानं सोबत पाठवलेल्या त्याच्या खेळातलं ते शेवटचं मैदान लावून दिलं. बायका धुऱ्यावरून येत होत्या, वाकत होत्या, त्यांच्यामागे कापलेल्या धानाच्या कडपा पडत होत्या. दूर देशातल्या एका माणसानं हे सारं धान वाचवलं, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. ती विळा मांडीवर ठेवून पडद्याकडे वाकली.

"किती खंडी झाले?" तिनं विचारलं.

शेखर गडबडला. कापणी त्यानं दाखवली होती, पण धान किती झालं हे गेममध्ये कुठंच घातलं नव्हतं. मी हसणार होतो, तेवढ्यात तिनं पुढचं विचारलं.

"आन त्यातले आपले किती?"

"सारेच, माय," शेखर म्हणाला. "सारेच आपले."