जोडीनं वाचायची पुस्तकं

अमरावतीत जवाहर गेटच्या आत एक वाचनालय होतं. त्यात मुलांच्या पुस्तकांचं एकच कपाट, आणि तेही कायम कुलपात. पूर्वी पोरं पुस्तक घरी नेत आणि घरची मंडळी त्याच्या पानांत फुटाणे बांधत, नाहीतर चूल पेटवत. गोष्टीचं पुस्तक म्हणजे अभ्यासाचं वाटोळं, अशी पुष्कळांची खात्रीच होती.

सत्तावन्न साली प्रमोदिनीताई तिथे ग्रंथपाल म्हणून लागल्या. आल्या तशी त्यांनी त्या कपाटाची किल्ली मागितली.

अध्यक्ष मोरोपंत वकिलांनी किल्ली दिली, पण बजावलं, "बाई, पुस्तकं पुन्हा फाटून आली तर हे कपाट मी कायमचं बंद करीन."

ताईंनी विचार केला. पुस्तक एकट्या पोराचं असलं, की बाकीच्या घराला ते रद्दीच वाटणार. घरातल्या मोठ्या माणसाचा जीव त्यात अडकला पाहिजे. मग त्यांनी दाराशी पाटी लावली, 'मुलांचं पुस्तक हवं असेल तर घरातलं मोठं माणूस सोबत आणा. दोघं मिळून वाचणार असाल तरच मिळेल.'

सभासद हसले. सुरुवातीला कोणी फिरकलंही नाही. मग चुकतमाकत एखादी आई, एखादे आजोबा येऊ लागले. ताई मुलाची इयत्ता विचारतच नसत. मोठ्या माणसाला समोर बसवून म्हणत, "तुमचं दोघांचं कशावरून वाजतं, ते सांगा आधी." मुलगा अंधाराला घाबरतो म्हणणाऱ्या आजोबांना त्यांनी आकाशातल्या ताऱ्यांचं पुस्तक दिलं. "हे अंगणात बसूनच वाचायचं," असंही सांगितलं. एका आईला अक्षरओळख नव्हती, ती संकोचून दारातच उभी राहिली. तिला त्यांनी नुसत्या चित्रांचं पुस्तक काढून दिलं. "यात अक्षरच नाही. दिसेल ते सांगत जा. तुमचं चुकणारच नाही."

एका सकाळी वलगावचे उत्तमराव आले. झेंडू-शेवंती पिकवणारा माणूस, रोज टोपली घेऊन शहरात येई. आठ वर्षांच्या वच्छलानं त्यांना हाताला धरून ओढतच आणलं होतं.

"कशावरून वाजतं तुमचं?" ताईंनी विचारलं.

उत्तमराव जमिनीकडे पाहत राहिले. वच्छलाच बोलली, "वाजतच नाई. बाबा बोलतच नाई. आई गेली तवापासून."

"वाचता येतं ना तुम्हाला?" ताईंनी उत्तमरावांना विचारलं.

"चौथीलोक शिकलो," उत्तमराव म्हणाले. "पन लय हळू वाचतो."

ताईंनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. रानातली एक बडबडी मुलगी आणि तिला भेटलेलं अस्वल, एवढीच गोष्ट. मुलगी पानभर बोलायची आणि अस्वल नुसतं 'हूं' म्हणायचं, फार तर 'नाही'.

"मुलगी हिनं वाचायची," ताई म्हणाल्या, "आणि अस्वल तुम्ही."

पुस्तक परत यायला बराच उशीर झाला. ताईंच्या मनात पाल चुकचुकली. पण एक दिवस बापलेक आले, आणि या खेपेला उत्तमराव पुढे होते. पुस्तकाला शेवंतीचा वास येत होता, पान मात्र एकही दुमडलेलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "हे अस्वल लय कमी बोलते. आता जास्त बोलनारं कोनी असन तर द्या."

ताई घाईनं कपाटाकडे वळल्या. डोळे पुसल्याशिवाय त्यांना पुस्तकांची नावं दिसेनात.

पुढच्या वर्षी मात्र नको तेच घडलं. एका घरून पुस्तक भिजून, कव्हर निघून परत आलं. सभासदांनी तेच धरून ठेवलं आणि कपाट बंद करायचा ठराव मोरोपंतांकडे दिला. ताईंनी एकच विनंती केली, "सभा रविवारी ठेवा, आणि वाचणाऱ्यांनाही येऊ द्या."

रविवारी ताई लवकर येऊन बसल्या. बाहेर रस्ता मोकळा होता. आपण फुकाची आशा केली, असं त्यांना वाटू लागलं. तेवढ्यात ताऱ्यांवाले आजोबा नातवासह आले. मागून चित्रांच्या पुस्तकाची आई लेकराला कडेवर घेऊन आली. मग रीघच लागली. सभासदांच्या खुर्च्यांमागे, खिडक्यांत, पायऱ्यांवर माणसं दाटली.

"यांचं म्हणणं काय आहे?" मोरोपंतांनी विचारलं.

"म्हणणं नाही," ताई म्हणाल्या, "हे वाचून दाखवणार आहेत."

उत्तमराव आणि वच्छला उभे राहिले. आता त्यांच्याकडे जाडसर पुस्तक होतं, एका गप्पिष्ट नावाड्याचं. नावाडी उत्तमरावच झाले होते. आधी ते अडखळले. मग ते रंगले. थापा मारताना हातवारे करू लागले, आणि वच्छला त्यांना मधेच अडवून उलट प्रश्न विचारू लागली. सभा पोट धरून हसत होती. नाव भोवऱ्यात सापडली तशी सगळी चिडीचूप झाली, आणि नेमकं तिथंच वच्छलानं पुस्तक मिटलं.

"अगं, पुढे काय झालं?" मोरोपंतांच्या तोंडून निघून गेलं.

वच्छला गंभीरपणे म्हणाली, "पुस्तक पायजे असन तर घरातलं पोरगं सोबत आना. दोघायनं मिळून वाचा लागते."

सर्वांत मोठ्यानं मोरोपंतच हसले. ठराव त्यांनी वाचलाच नाही. दोन दिवसांनी नातीचं बोट धरून ते रांगेत उभे राहिले, आणि ताईंनी त्यांनाही विचारलं, "तुमचं दोघांचं कशावरून वाजतं?"

एका कपाटाची पुढे तीन झाली. दर्यापूर, परतवाडा, जिथून बोलावणं येई तिथे ताई पुस्तकांच्या पेट्या घेऊन एसटीनं जात. चौसष्ट साली अकोल्याच्या एका शाळेनं त्यांना पालकांपुढे भाषणाला बोलावलं. शाळेचा हॉल गच्च भरला होता. ताईंनी भाषण पाचच मिनिटांत आवरलं आणि पेट्या उघडल्या. एकेका जोडीला समोर बसवून त्या विचारत गेल्या, हसत गेल्या, पुस्तकं देत गेल्या.

शेवटची पेटी रिकामी झाली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. पुस्तक घेतलेली माणसं घरी गेलीच नव्हती. हॉलमध्ये, व्हरांड्यात, मैदानातल्या निंबाखाली जोड्या-जोड्यांनी वाचन चाललं होतं. कुठे वडील अडखळत होते, कुठे मुलगी आईला दटावत होती. शिपाई किल्ल्या वाजवत आला आणि म्हणाला, "बाई, अमरावतीची गाडी सुटून राहिली."

"सुटू द्या," ताई म्हणाल्या, आणि पदर खोचून त्या कोपऱ्यातल्या एका जोडीजवळ ऐकायला जाऊन बसल्या.