हेल्मेटची उत्तरपूजा

दसऱ्याच्या सकाळी नवऱ्याने आपण होऊन हेल्मेट पुसलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पाटावर विळी, पक्कड, लॅपटॉप आणि मधोमध त्याचं हेल्मेट. हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. मला वाटलं, माणूस सुधारला.

जेवायला नणंदेकडे धायरीला जायचं होतं. श्रीखंडाचा डबा घेऊन मी खाली आले, तर हे मोटारसायकलवर बोडक्या डोक्याने बसलेले. हेल्मेट विचारलं, तर पूजेत मांडलेली वस्तू त्या दिवशी हलवत नाहीत, असं शास्त्र मला ऐकवण्यात आलं. हेल्मेटने केस चेपतात, ही यांची जुनी तक्रार. चेपण्याइतके केस उरलेले नाहीत, पण तो विषय सणाच्या दिवशी नको.

"मग मोटारसायकलही पूजलीय. तीही राहू दे," मी म्हटलं.

"वाहनाची पूजा झाली की फेरी मारायची असते."

"आणि विळी? कोशिंबिरीची काकडी मी दातांनी नाही चिरली."

विळीला शास्त्राने सूट दिली, पण डोकं बोडकंच राहिलं. सणाचा दिवस, सिंहगड रस्ता, त्यातून मुहूर्तावर घेतलेल्या नव्या गाड्या आणि त्याहून नवे चालवणारे. अशा गर्दीत या माणसाचं डोकं उघडं न्यायला मी तयार नव्हते. मी परत वर गेले. हेल्मेटवर अक्षता वाहिल्या, गणपतीला हलवतात तसं ते जरासं हलवलं, पुन्हा येण्याची विनंती केली आणि खाली आणलं.

"उत्तरपूजा झाली. घाला."

पूजा करणाऱ्या माणसाला उत्तरपूजा नाकारता येत नाही. घातलं. कपाळावर कुंकवाची बोटं, वर दोन-चार तांदूळ चिकटलेले. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या आजींनी हेल्मेटला नमस्कार केला. यांनी मान लववून तो स्वीकारला.

हॅंडलला लावलेला हार मात्र फार लांब होता. तो कापा, असं मी निघतानाच सांगितलं होतं. पूजेचा हार कापत नाहीत, हे आणखी एक शास्त्र. मागच्या सीटवरून मला अंतर ठेवा, हळू घ्या, एवढंच म्हणता येत होतं, आणि ते मी न थांबता म्हणत होते.

धायरी फाट्याच्या अलीकडे पुढची कोरी मोटार अचानक थांबली. काच खाली करून आतल्या कुटुंबाला बॉनेटवरच्या नारळाचा फोटो काढायचा होता. यांनी ब्रेक दाबायला हात टाकला, तर मुठीत ब्रेकसकट हार आला आणि त्याचं खालचं टोक पुढच्या चाकात गेलं. आमचा वेग पायी चालणाऱ्याला लाजवेल असा नव्हताच. तरी गाडी आडवी झाली, मी बाजूला बसती झाले आणि यांचं डोकं दुभाजकावर आपटलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला.

डबा हातात घट्ट धरून मी नुसती बघत राहिले.

मग झेंडूच्या पाकळ्यांतून आवाज आला, "श्रीखंड सांडलं का?"

श्रीखंड ठीक होतं. कोपर खरचटलं होतं, आरसा वाकला होता आणि हेल्मेटला बरोबर कुंकवाच्या जागी तडा गेला होता. गाडी उचलायला आलेल्या एका मुलीने तडा पाहिला, कुंकू पाहिलं.

"काका, पूजा पावली," ती म्हणाली आणि हार चाकातून ओढून यांच्या हातात दिला.

उरलेला रस्ता आम्ही गाडी ढकलत गेलो. तडा गेलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, नवं आणावं लागेल, असं मी वाटेत सांगितलं. यांनी केसांचं नाव काढलं नाही.

नणंदेकडे सोनं लुटायची वेळ झाली. यांनी आपट्याचं पहिलं पान उचललं आणि कोपऱ्यातल्या हेल्मेटवर ठेवलं. मला दुसरं मिळालं. एरवी मी बोलले असते, पण त्या दिवशी तो क्रम मला मान्य होता.