पाटीवर सारे हजर

मी जंगलात हरवलो नव्हतो.

हे लेखी नोंदवून ठेवणे आता आवश्यक झाले आहे. कारण माझा मेहुणा वसंता घोडपदेवपासून परळपर्यंत जी हकीकत सांगत फिरतो, तीत मी तीन तास बेपत्ता होतो, झाडावर चढलो होतो आणि सापडल्यावर रडलो. यांतील एकही विधान टिकणारे नाही! मी पाऊण तास अनुपस्थित होतो, दोन्ही पायांनी जमिनीवर होतो, आणि डोळ्यांतील पाण्याचे कारण मुंगी हे होते. (मुंगीकडे मी यथावकाश येतोच.)

मुळात वाद जंगलाचा नव्हताच. मला शिमग्याला एकट्याने गावी जायचे होते आणि माझा मुलगा प्रशांत आडवा आला होता.

"आबा, चौऱ्याहत्तरावं चालू आहे तुम्हाला. एकटे नाही जायचं."

"का? मी काय लहान मूल आहे?"

"परवा कोथिंबीर आणायला गेलात ते दोन तासांनी आलात!"

हे खरे आहे. परंतु आमच्या बंद गिरणीच्या जागेवर जो टॉवर उभा राहतो आहे, त्याच्या क्रेनच्या माथ्यावर बसलेला मनुष्य दुपारी जेवायला खाली येतो तरी कसा, हे परळमध्ये कोणाला ठाऊक होते काय? मला आता ठाऊक आहे. तो येत नाही. डबा वर जातो. अशा ज्ञानाला वेळ लागतो.

अखेर मी तोडगा मांडला. बोरिवलीच्या जंगलात घरची सहल काढायची; पूर्णतः सुरक्षित, पूर्णतः जबाबदार आणि संपूर्णपणे माझ्या नियोजनाखाली. एकही माणूस इकडचा तिकडे झाला नाही, तर शिमग्याला मी एकटा जाणार.

"आणि झाला तर?" सूनबाईंनी, म्हणजे मनीषाने, विचारले.

"होणार नाही," मी म्हणालो.

मी सत्तावीस वर्षे गिरणीत टाइमकीपर होतो. प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला असे. आत आला की त्याने तो पाटीवर अडकवायचा, बाहेर पडताना काढून न्यायचा. कोण हजर, कोण गैरहजर, हे पाटीकडे एक नजर टाकली की समजे. माणूस खोटे बोलतो, पाटी बोलत नाही. जंगलासाठी मी हीच पद्धत योजली. प्लॅस्टिक वर्ज्य असल्यामुळे बिल्ले नारळाच्या करवंटीचे केले. चार दिवस करवत चालली. शेजारच्या काकूंनी येऊन विचारले, "भाऊ, दात शिवशिवतात हो! नक्की काय कापताय?" मी उत्तर दिले, "सुरक्षितता!"

नियम एकंदर अकरा होते. चूल पेटवायची नाही, माकडांना खाऊ घालायचे नाही, आरडाओरडा करायचा नाही, अन्नाचा कण मागे टाकायचा नाही वगैरे. अकरावा सर्वांत महत्त्वाचा : सतरंजी सोडून जाणाऱ्याने आपला बिल्ला बरोबर न्यावा आणि परतताच पाटीवर अडकवावा.

"भावोजी, चार माणसं मोजायला पाटी?" वसंता म्हणाला.

"गिरणीत चार हजार होती. पद्धत तीच."

जंगलात पोहोचलो आणि पहिली अडचण उभी राहिली. पाटी टांगायची कुठे? झाडाला खिळा ठोकणे हे नियम क्रमांक तीनच्या विरुद्ध! म्हणून ती मी वसंताच्या गळ्यात घातली. (तो सांगतो की दोन बायकांनी त्याला थांबवून "हे कितीला दिले?" असे विचारले. एकीनेच विचारले. मी तिथे होतो.)

थोड्या वेळाने माझी पत्नी हातपाय धुऊन आली आणि बिल्ला कनवटीलाच ठेवून काकडी कापायला बसली.

"दोन नंबर गैरहजर!" मी पुकारले.

"अहो, मी हयच बसलंय!"

"पाटीवर नाहीस."

"तुमच्या नाकासमोर काकडी कापतंय, ती काय भुताटकी?"

"बिल्ला नाही, म्हणजे माणूस नाही. पद्धत म्हणजे पद्धत."

ती उठली. तिने शांतपणे बिल्ला वसंताच्या छातीवर अडकवला आणि पुन्हा काकडी घेतली. त्या शांततेचा अर्थ मी तेव्हाच लावायला हवा होता.

यानंतर मी तपासणीसाठी सतरंजीपासून जेमतेम पंचवीस पावले दूर गेलो. मला बिल्ला नव्हता. टाइमकीपरला बिल्ला नसतोच. तो पाटी वाचतो, पाटीवर टांगला जात नाही!

तिथे एका झाडावर मला तांबड्या मुंग्या दिसल्या. आमच्या गावी यांना ओंबील म्हणतात आणि लोक त्यांच्यापासून लांब पळतात. परंतु या मुंग्या चक्क पाने शिवत होत्या! एका रांगेने दोन पानांच्या कडा ओढून धरल्या होत्या. दुसऱ्या मुंग्यांच्या तोंडात पांढरी अळी होती आणि तिच्यातून निघणारा धागा त्या या कडेवरून त्या कडेवर फिरवत होत्या. थेट मागावरचा धोटा! इकडून तिकडे, तिकडून इकडे. सत्तावीस वर्षे मी विणकरांची हजेरी घेतली. पण जिवंत धोटा प्रथमच पाहत होतो. थकलेलीच्या जागी दुसरी येई. म्हणजे पाळी बदलत होती! मग यांची हजेरी कोण घेतो? मी शोधू लागलो. या झाडापासून त्या झाडापाशी, तिथून पुढल्या झाडापाशी...

शोधाच्या भरात मी एका फांदीला हात टेकला. पुढच्या क्षणी संपूर्ण पाळी माझ्या बाहीत शिरली.

नियम क्रमांक सहा, म्हणजे आरडाओरडा, माझ्याकडूनच मोडला गेला हे मी मान्य करतो.

त्या वेळी सतरंजीवर काय घडले, याबाबत मनीषाची साक्ष पुढीलप्रमाणे आहे.

"आई, कोणीतरी ओरडलं!" मनीषा म्हणाली.

"माकड असतला," वसंता म्हणाला.

"माकड नाय. आवाज ओळखीचो आसा," माझी पत्नी म्हणाली. "वसंता, पाटी बघ."

"चारही बिल्ले आहेत, ताई."

"मग सारे हजर. काकडी खा."

"अगं आई, पण आबा कुठे आहेत?" प्रशांत उठू लागला.

"बस खाली! पाटीवर सारे हजर आसत. तुझ्या बापाशीची पद्धत आसा ती. पद्धत म्हणजे पद्धत!"

मला वनरक्षकाने गाठले. तो बिचारा माझ्या ओरडण्याच्या दिशेने धावत आला होता.

"काका, हरवलात काय?"

"मुळीच नाही. मी कुठे आहे ते मला नीट ठाऊक आहे."

"मग तुमची माणसं कुठे आहेत?"

"ती हरवली असावीत," मी बाही झटकत म्हणालो.

त्याने मला सतरंजीपर्यंत आणून सोडले. तिथे माझ्या वाट्याच्या आंबोळ्या नव्हत्या. त्या वसंताने संपवल्या होत्या. का, तर नियम क्रमांक पाच : अन्नाचा कण मागे टाकायचा नाही!

परतीच्या गाडीत प्रशांत एवढेच म्हणाला, "चार जणांत पाचवा हरवला, आबा. शिमगा रद्द."

रात्री जेवण न करता मी खिडकीशी बसलो. गावी आमच्या अंगणात पालखी येते आणि मी तिथे नसेन, हे मला सहन होत नव्हते. हे मी कोणाला बोललो नाही. तरी माझ्या पत्नीने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या करवंटीचा एक नवा बिल्ला तिने माझ्यासमोर ठेवला. पुढे पाच नंबर; मागे लाल रंगात माझे नाव आणि 'मुलगा प्रशांत' असे लिहून त्याचा मोबाइल नंबर.

"गळ्यात घाला आणि जावा."

"मी? बिल्ला?"

"बिल्ला नाय, म्हणजे माणूस नाय," ती म्हणाली. "मग गावाक कोण जातला?"

मी गेलो. एकटाच गेलो, हे वसंतालाही नाकारता येत नाही. पनवेलनंतर कंडक्टर तिकीट तपासत माझ्यापाशी आला. मी त्या वेळी खिडकीच्या पट्टीवरून चाललेल्या एका मुंगीकडे पाहत होतो. त्या नादात तिकिटाऐवजी मी गळ्यातला बिल्लाच त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा करून वाचला, माझ्याकडे अत्यंत मायेने पाहिले, मोबाइल काढला आणि भर बसमध्ये मोठ्याने म्हणाला :

"हॅलो, प्रशांतराव? काळजी करू नका. तुमचे वडील सापडले!"