चांदपाशांनी इंजिनाला तेल घातलं

शिलाई मशीन बिघडली की अख्खं शहागंज चांदपाशांकडं धावायचं. चाळीस वर्षं! नवी मशीन घेतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला शिव्या घालून जुनीच दुरुस्त करून देणारा हा माणूस. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हात थरथरायला लागला, आणि वाळूजला कंपनीत असलेल्या त्यांच्या पोरानं, फारूखनं दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं ठरवलं. मला असा संताप आला! मी रिटायर्ड मास्तर, नाक खुपसायची सवयच. माझं मॉडेल रेल्वेचं वीतभर इंजिन कधीचं बंद पडलेलं, तेच रुळांसकट नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं.

फारूख म्हणाला, "अब्बांनी हे चालवून दाखवलं, तर दुकानाचा विषय काढणार नाय."

"मास्तर, मांडा रूळ!" चांदपाशा कडाडले.

आतलं जुनं, चिकट झालेलं तेल त्यांनी काडीला कापूस गुंडाळून काढलं. मग सवयीनं कुपी उचलली आणि सांध्यासांध्यात टिप, टिप, टिप! पायमशीन पिते तसं. या इंजिनाला तर सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल लागतं. मी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत व्हायचं ते झालं.

बटण दाबलं. घर्रर्र! चाकं गरगरा फिरली, इंजिन जागचं हलेना. तेल चाकांवर उतरलं होतं.

"जाऊ द्या, अब्बा," फारूख म्हणाला. चांदपाशांचा चेहरा पडला. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

"थांब की!" ते एकदम ओरडले. "तेल घातलेली मशीन गिऱ्हाइकाला तशीच देतो का मी? आधी चिंध्या शिवून बघतो, डाग पडायचा थांबेपर्यंत!"

वा रे पठ्ठे! रूळ पुसले, स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी रुळांवर आडवी टाकली. इंजिनाची अर्धी चाकं रुळावर, कारण वीज रुळांतूनच येते, आणि अर्धी चिंधीवर. वरून हातानं धरलं, बटण दाबलं. चिंधीवर काळे पट्टे! चिंधी बदलली, इंजिनाचं तोंड फिरवून उरलेली चाकं चिंधीवर ठेवली, पुन्हा बटण. पट्टे फिके. पाचवी चिंधी पांढरीच राहिली.

हात काढला आणि सुटलं की हो इंजिन! दिवा पेटवून वळणावरून झोकात गेलं. मी म्हातारा टाळ्या पिटत नाचलो.

फारूखनं तिथूनच मोबाइलवाल्याला फोन लावला, "दुकान नाय द्यायचं." मग वडिलांना हळूच म्हणाला, "शटर तेवढं मी उचलून देत जाईन. तुम्हाला वाकवत नाय."

चांदपाशा गुरकावले, "तुझी कंपनीत पहिली पाळी असंल, तवा पहाटे पाचलाच उघडू."